असर्ट फेल झाला, पण खोटं कोण बोलतंय?

इंदूरला राजेंद्रनगरात माझ्या घरी रविवारी सकाळी चार-पाच मुलं लॅपटॉप घेऊन येतात. पोहे होतात, मग पोस्टग्रेस या डेटाबेसचा सोर्स कोड उघडतो. कॉलेजात डेटाबेस शिकून झालेला असतो, क्वेरी येतात, सी भाषाही बऱ्यापैकी येते. तरी पहिल्या महिन्यात प्रत्येक जण एकाच जागी अडतो. टेस्ट चालू असताना सर्व्हर धाडकन पडतो, लॉगमध्ये ‘ट्रॅप : फेल्ड असर्ट’ अशी ओळ उमटते आणि प्रश्न येतो, “ताई, हे मी बिघडवलं का?”

कधी खरंच त्यांनी बिघडवलेलं असतं. पण कधी कोड अगदी बरोबर असतो आणि असर्टच, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली तपासणीची अटच, चुकीची लिहिलेली असते. हा दुसरा प्रकार नवख्या माणसाला फार दमवतो, कारण जे चुकलेलंच नाही ते तो दुरुस्त करत बसतो. पहिल्या वेळी माझे आठ दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

उदाहरणं पोस्टग्रेसची आहेत, पण रीत कुठल्याही डेटाबेसला लागू पडते. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्ये करायची.

असर्ट म्हणजे नेमकं काय

कोड लिहिणाऱ्याने कोडमध्येच नोंदवलेली खात्री म्हणजे असर्ट. ‘या ओळीपर्यंत आलो म्हणजे कुलूप माझ्याच हातात आहे’, ‘ही यादी रिकामी असूच शकत नाही’, अशा गोष्टी. खात्री खोटी ठरली की प्रोग्रॅम पुढे न जाता तिथेच थांबतो.

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये हे असर्ट नसतात, बिल्ड करताना मागून घ्यावे लागतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) दोन जाती आहेत: ‘यूटी-ए’ कायम चालू, ‘यूटी-एडी’ फक्त डीबग बिल्डमध्ये. म्हणजे यूटी-ए जातीचा असर्ट चुकीचा असेल तर चालत्या धंद्याचा सर्व्हर पडतो. पोस्टग्रेसमध्ये पडतो तो टेस्ट करणाऱ्याचा. म्हणून तिथे ‘राहू दे, ग्राहकाला कुठे दिसतंय’ असं मनात येतं. ते येऊ देऊ नका. खोटी घंटा चार वेळा वाजली की पाचव्या वेळी खरी वाजते तेव्हाही कोणी उठत नाही.

१. सामान जमवा

लिनक्स असलेलं यंत्र, गिट, जीसीसी किंवा क्लँग, बायसन, फ्लेक्स, रीडलाइन, झेडलिब आणि आयसीयूची डेव्हलपमेंट पॅकेजेस, आणि जीडीबी हा डीबगर. मोकळी जागा निदान १५-२० जीबी ठेवा, कारण कोअर फाइल्स (प्रोसेस पडली त्या क्षणी तिच्या मेमरीत जे होतं त्याची नक्कल) भराभर साठतात. याशिवाय एक वही लागेल. ती कशासाठी, ते पाचव्या पायरीत येईल.

२. असर्ट चालू असलेला बिल्ड करा

कॉन्फिगर चालवताना ‘इनेबल-कॅसर्ट’ आणि ‘इनेबल-डीबग’ हे दोन्ही पर्याय द्या. मेसन वापरत असाल तर ‘कॅसर्ट’ हा पर्याय ट्रू करा. प्रीफिक्स वेगळा द्या, म्हणजे तुमच्या घरातल्या फोल्डरमध्येच सगळं बसेल आणि यंत्रावर आधीपासून असलेल्या पोस्टग्रेसला धक्का लागणार नाही. पोर्टही ५४३२ सोडून दुसरा घ्या.

इथे तीन ठिकाणी मुलं अडखळतात.

रूट होऊन सर्व्हर सुरू करायला जातात. पोस्टग्रेस रूटखाली चालायला साफ नकार देतं. साधा युजरच वापरा.

ऑप्टिमायझेशन. कंपायलरच्या नेहमीच्या ‘ओ-२’ पातळीवर जीडीबी अर्धी व्हेरिएबल्स दाखवतच नाही, ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ एवढंच म्हणतं. म्हणून सगळे ‘ओ-०’, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, वापरायला सांगतात. पण दोन प्रोसेसच्या चढाओढीतून आलेली चूक ओ-० वर कधीकधी दिसेनाशी होते, कारण वेळेचं गणित बदलतं. मी सुरुवात ‘ओ-जी’ने, म्हणजे डीबगिंगसाठीच्या पातळीने, करते.

तिसरं म्हणजे आपण जोडलो आहोत तो सर्व्हर कोणता, हेच न पाहणं. एसक्यूएलमध्ये ‘शो डीबग-असर्शन्स’ विचारा. उत्तर ऑन आलं तरच पुढे जा. एकदा एका मुलाने दोन रविवार भलत्याच सर्व्हरवर घालवले. तेव्हापासून ही तपासणी आमच्याकडे पोह्यांच्याही आधी होते.

३. कोअर फाइल मिळेल याची आधीच सोय करा

ज्या टर्मिनलमधून सर्व्हर सुरू करणार त्यात ‘यूलिमिट मायनस सी अनलिमिटेड’ द्या, किंवा ‘पीजी-सीटीएल स्टार्ट’ला ‘मायनस सी’ जोडा. मग प्रॉक फोल्डरमधली ‘कोअर-पॅटर्न’ ही फाइल बघा. तिच्यातली ओळ उभ्या रेघेने सुरू होत असेल तर कोअर फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली होते आहे. तो सिस्टमडीचा असेल तर ‘कोअरडंप-सीटीएल’ने यादी मिळेल. नसेल तर पॅटर्न साधा करून टाका. मग फाइल पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये पडते.

‘ह्यूज-पेजेस’ हे सेटिंग ऑफ करा. लिनक्स नेहमीच्या मांडणीत ह्यूज पेजेसवरची (मेमरीच्या मोठ्या तुकड्यांवरची) शेअर्ड मेमरी, म्हणजे सगळ्या प्रोसेसची सामाईक मेमरी, कोअर फाइलमध्ये घेत नाही. मग नेमकी जी जागा बघायची असते तीच कोअरमध्ये रिकामी. हे कोणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

‘रीस्टार्ट-आफ्टर-क्रॅश’ सुद्धा ऑफ ठेवा, नाहीतर पडलेला सर्व्हर स्वतःच उभा राहतो आणि पुरावे पुसले जातात. आवृत्ती १६ किंवा त्यापुढची असेल तर ‘सेंड-अबॉर्ट-फॉर-क्रॅश’ ऑन करा. एक प्रोसेस पडली की बाकीच्यांचेही कोअर मिळतात, म्हणजे त्या क्षणाच्या आसपास कोण कुठे होतं ते कळतं.

४. लॉगमधली पहिली ओळ शोधा

एक प्रोसेस पडल्यावर पोस्टग्रेस बाकी सगळ्या जोडण्या तोडतं. त्यामुळे लॉगमध्ये ‘दुसरी प्रोसेस कोसळल्यामुळे ही जोडणी बंद करत आहोत’ अशा अर्थाच्या पंचवीस-तीस ओळी येतात, आणि मुलं त्यातलीच एखादी मला पाठवतात. त्या ओळी म्हणजे पडझडीचा धुरळा. तुम्हाला हवी ती ‘ट्रॅप’ची ओळ: तिच्यात अट, फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि प्रोसेसचा क्रमांक, चारही असतात. थोडं खाली तोच क्रमांक ‘सिग्नल ६ने संपली’ या ओळीत पुन्हा दिसला की जोडी जुळली.

आता जीडीबीमध्ये कोअर उघडून ‘बीटी फुल’ द्या. बॅकट्रेस मिळतो, म्हणजे कोणत्या फंक्शनला कोणी बोलावलं त्याची उतरंड, प्रत्येक फंक्शनची एक चौकट. वरच्या चौकटी अबॉर्टच्या असतात, मग ‘एक्सेप्शनल-कंडिशन’ नावाचं फंक्शन येतं. त्याच्या लगेच खालची चौकट तुमची. तिथे जाऊन ‘इन्फो लोकल्स’ द्या आणि आलेलं सगळं वहीत उतरवा.

५. अट नेमकं काय म्हणते ते मराठीत लिहून काढा

ही पायरी मुलांना वेळकाढूपणा वाटते. माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हीच आहे.

आमच्या ऑफिसात लिहिलेल्या, पोस्टग्रेसला जोडायच्या एका एक्स्टेन्शनची गोष्ट सांगते. शेअर्ड मेमरीत एक गोल रांग होती. अनेक प्रोसेस तिच्यात नोंदी टाकायच्या, एक वर्कर त्या काढायचा. दोन मोजणी आकडे होते, ‘टाकलेल्या’ आणि ‘काढलेल्या’, दोन्ही फक्त वाढत जाणारे. रांगेची स्थिती सांगणारं एक फंक्शन आधी टाकलेल्यांचा आकडा वाचायचं, मग काढलेल्यांचा, आणि त्याच्या खाली असर्ट होता: टाकलेल्या नेहमी काढलेल्यांहून जास्त किंवा तितक्याच.

यात चुकीचं काय? टाकल्याशिवाय काढणार कसं? असर्ट शंभर टक्के खरा वाटतो. तरी तो फेल व्हायचा, तोही भरपूर गर्दीच्या टेस्टमध्ये, कधीतरीच. कोअरमध्ये लोकल व्हेरिएबल्स म्हणत होती टाकलेल्या ४११८, काढलेल्या ४१२१. शेअर्ड मेमरीत मात्र ४१३० आणि ४१२७. म्हणजे मेमरीत अट खरी आणि प्रोसेसच्या हातात ती खोटी! दोन्ही आकडे अॅटॉमिक होते, म्हणून अर्धवट वाचल्याचा संशय घ्यायलाही जागा नव्हती. आठ दिवस मी रांगेच्या कोडमध्ये चूक शोधत बसले, आणि रांग निर्दोष होती.

उलगडा झाला तो गणपतीतल्या महाप्रसादाच्या दिवशी. मंडळाने मला माणसं मोजायला सांगितली होती. मी दारापाशी ‘आत आलेले’ किती ते विचारून घेतलं, मग मंडप ओलांडून मागे हात धुवायच्या जागी गेले आणि ‘जेवून उठलेले’ किती ते विचारलं. उठलेले आलेल्यांपेक्षा जास्त निघाले! कारण मी मंडप ओलांडेपर्यंत आणखी माणसं येऊन बसली होती आणि एक आख्खी पंगत उठली होती. दोन्ही आकडे खरे, पण दोन वेगवेगळ्या वेळांचे. त्यांची तुलना करणारी मी चुकीची.

म्हणून अट मराठीत लिहिताना ‘कधी’ हा शब्द सोडू नका. ‘टाकलेल्या काढलेल्यांहून कमी नसतात’ एवढ्यावर थांबू नका. ‘मी आत्ता वाचलेल्या टाकलेल्या, नंतर वाचलेल्या काढलेल्यांहून कमी नसतात’ असं लिहा. असं लिहिलं की वाक्य खोटं आहे हे डोळ्यांनाच दिसतं. मग वहीत दोन रकाने आखा, एक प्रोसेस अ, एक प्रोसेस ब, आणि कोणी कोणत्या ओळीनंतर काय केलं ते एकाखाली एक मांडा. असर्ट फेल होईल अशी, पण कोडचा प्रत्येक नियम पाळणारी एक मांडणी सापडली की असर्ट चुकीचा आहे हे सिद्ध झालं. सापडत नसेल तर कोडवर संशय ठेवा.

चढाओढीशिवाय असर्ट चुकायची आणखी कारणं मी पाहिली आहेत. सीमेवर एकाचा फरक, म्हणजे ‘लहान’ लिहिलं पण हवं होतं ‘लहान किंवा समान’. सर्व्हर नुकताच सुरू होताना किंवा रिकव्हरीत असताना एखादी गोष्ट अजून तयारच नसणं. दशांश आकड्यांची सरळ बरोबरी करणं. आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारं: असर्ट लिहिला तेव्हा तो खराच होता, नंतर कोणीतरी नवी सोय आणली आणि जुनी खात्री मोडली.

६. असर्ट कोणी, कधी, का घातला ते पाहा

‘गिट लॉग’ला ‘मायनस मोठा एस’ देऊन असर्टचा मजकूर शोधा. तो पहिल्यांदा आला ती कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) मिळते. ‘गिट ब्लेम’ही चालतं, पण पोस्टग्रेसमध्ये पूर्ण कोडची मांडणी नीट करणाऱ्या कमिट्स अधूनमधून होतात आणि ब्लेम त्यांच्याकडेच बोट दाखवतं. कोडसोबत ‘गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाची फाइल येते, ती ब्लेमला द्या.

कमिटचा संदेश पूर्ण वाचा. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते बहुधा तिथेच असतं. मग असर्टच्या खालचा कोड वाचून स्वतःला विचारा: ही अट खरी आहे यावर पुढची कोणती ओळ अवलंबून आहे? वजाबाकी करून ॲरेचा क्रमांक काढला जात असेल तर अट खोटी ठरणं गंभीर आहे, मग असर्ट ‘चुकीचा’ म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा. आमच्या त्या फंक्शनमध्ये पुढे फक्त आकडे छापले जात होते.

७. पुन्हा पुन्हा फेल करून दाखवा

कधीतरी फेल होणारी गोष्ट हमखास फेल होईल अशी केली पाहिजे. मी दोन वाचनांच्या मधोमध ‘पीजी-यूस्लीप’ घालून थोडा वेळ थांबवलं आणि ‘पीजीबेंच’ने गर्दी केली, पहिल्याच मिनिटाला असर्ट फेल. आवृत्ती १७पासून ‘इंजेक्शन पॉइंट्स’ आहेत, त्यांनी हेच जास्त नीटनेटकं करता येतं.

हातानेही जमतं. दोन पीएसक्यूएल उघडा, ‘पीजी-बॅकएंड-पीआयडी’ विचारा, एका प्रोसेसला जीडीबी जोडून दोन ओळींच्या मध्ये थांबवा आणि दुसरीकडून काम करून घ्या. उबंटूवर जीडीबी जोडायला सुडो लागण्याची शक्यता आहे. जीडीबीला ‘सिग-यूएसआर-१’वर थांबू नकोस असं ‘हँडल’ कमांडने आधीच सांगा. पोस्टग्रेसच्या प्रोसेस एकमेकींना सतत तो सिग्नल देतात.

‘गिट बायसेक्ट’ (कमिट्सची यादी दर वेळी अर्धी करत चूक कुठल्या कमिटने आणली ते शोधणारी कमांड) वापरणार असाल तर हिशेब समजून घ्या. हजार कमिट्समधून दोषी कमिट शोधायला साधारण दहा बिल्ड पुरतात. पण दहात एकदाच फेल होणारी टेस्ट दहा वेळा चालवून एकदाही फेल झाली नाही, तरी ती कमिट चांगली म्हणता येत नाही: असं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. ती एका टक्क्याखाली आणायला ४४ वेळा चालवावी लागते. एकदा चुकीचं ‘गुड’ दिलं की पुढचं सगळं बायसेक्ट वाया. बिल्डच होत नसेल तर स्क्रिप्टमधून १२५ परत द्या, बायसेक्ट ती कमिट बाजूला ठेवतं.

८. दुरुस्ती: असर्ट खोडू नका, खरा करा

ओळ उडवून टाकावीशी वाटते. तसं केलं तर त्या जागेची राखण गेली. लिहिणाऱ्याची खात्री अर्धी खरी होती, ती पूर्ण खरी कशी करता येईल ते पाहा.

मी पहिल्यांदा वाचनाचा क्रम उलटा केला: आधी काढलेल्या, मग ‘पीजी-रीड-बॅरियर’ (वाचनांचा क्रम बदलू न देणारी ओळ), मग टाकलेल्या. आता टाकलेल्यांचा आकडा नंतरचा असल्यामुळे तो कमी निघणं शक्यच नव्हतं. असर्ट शांत झाला. दोन रात्री टेस्ट चालली आणि तिसऱ्या रात्री खालचा दुसराच असर्ट फेल झाला: दोन आकड्यांमधला फरक रांगेच्या लांबीपेक्षा जास्त नसावा. साहजिक होतं. आधी मागच्या दारी मोजलं, मग पुढच्या. तेवढ्यात एक पंगत उठून दुसरी बसली, आणि माझ्या हिशेबात आत असलेली माणसं पानांपेक्षा जास्त झाली. एका असर्टची समजूत काढताना मी दुसऱ्याला खोटं पाडलं होतं.

शेवटी दोन्ही वाचनं एकाच कुलपाखाली घेतली. आकडे बदलणारे तेच कुलूप एक्सक्लूझिव्ह (एका वेळी एकालाच मिळणारं) घेत होते, म्हणून स्थिती सांगणाऱ्या फंक्शनला शेअर्ड कुलूप पुरलं. दोन्ही असर्ट जागच्या जागी राहिले. वर दोन ओळींची टीप लिहिली: हे आकडे एकाच क्षणाचे असले पाहिजेत, का ते असं असं.

दुरुस्ती झाल्यावर उलटी परीक्षा घ्या. कोड मुद्दाम बिघडवा (मी वर्करला एक नोंद जास्त काढल्याचं मोजायला लावलं होतं) आणि असर्ट फेल होतो का ते पाहा. होत नसेल तर तुमचा नवा असर्ट कशाचीच राखण करत नाही.

आणखी दोन सापळे. असर्टच्या कंसात काहीही बदलणारं काम लिहू नका, कारण साध्या बिल्डमध्ये ती ओळच गायब होते आणि कामही. आणि फक्त असर्टसाठी व्हेरिएबल बनवलं असेल तर साध्या बिल्डमध्ये कंपायलर तक्रार करतो. त्यासाठी ‘पीजी-यूज्ड-फॉर-असर्ट्स-ओन्ली’ ही खूण आहे. म्हणून शेवटी ‘मेक चेक-वर्ल्ड’ दोन्ही बिल्डवर चालवा, असर्टसह आणि असर्टशिवाय.

९. कळवताना सोबत काय द्याल

- ‘सिलेक्ट व्हर्जन’चं उत्तर, आणि गिटवरून बिल्ड केलं असेल तर कमिटचा क्रमांक
- ‘पीजी-कॉन्फिग’ने दाखवलेले कॉन्फिगरचे पर्याय, कंपायलरची आवृत्ती
- ट्रॅपची ओळ आणि तिच्या मागेपुढे वीसेक ओळी लॉग
- बॅकट्रेस, मजकुराच्या रूपात. स्क्रीनचा फोटो नको, त्यात शोधता येत नाही
- रिकाम्या डेटाबेसवर चालणारी शक्य तितकी छोटी स्क्रिप्ट
- वहीतली दोन रकान्यांची मांडणी, टाइप करून

समोरचा माणूस मांडणी आधी वाचतो. ती बरोबर असेल तर बाकीचं बहुतेक वेळा लागतही नाही. ‘तुमचा असर्ट चुकीचा आहे’ अशी सुरुवात करू नका. ‘अशा क्रमाने घडलं तर ही अट खोटी ठरते, माझं काही चुकतंय का’ असं विचारा. कधीकधी खरंच आपलं चुकलेलं असतं.

कोअर फाइल मात्र कोणालाही पाठवू नका. त्या क्षणी मेमरीत जे होतं ते सगळं तिच्यात असतं: ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, कोणाचा पासवर्डही. बॅकट्रेसमध्येही क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा येतो, तेव्हा ओळ न ओळ वाचून, नावं-आकडे बदलूनच तो पुढे द्या. काम संपलं की डेटा फोल्डरमधल्या कोअर फाइल्स पुसून टाका.